घाटाच्या चढाला तापलेले चाक

वाचकहो, वेरूळच्या रस्त्याने तुमच्यापैकी पुष्कळजण गेले असतील. कोणी श्रावणात घृष्णेश्वराला, कोणी खुलताबादच्या भद्रा मारुतीला, कोणी शाळेच्या सहलीत देवगिरीच्या किल्ल्यावर. त्याच रस्त्याने आज मी तुम्हाला नेणार आहे. मात्र लेणी बघायला नव्हे. खताच्या गोण्या भरलेल्या एका पिकअप गाडीच्या केबिनमध्ये तुम्हाला माझ्या शेजारी दाटीवाटीने बसायचे आहे.

गोष्ट गेल्या वर्षी मृगाच्या तोंडावरची. खुलताबाद तालुक्यातले माझ्या ओळखीचे एक शेतकरी जाधववाडीच्या मोंढ्यात भेटले. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. अद्रक विकून झाली होती, परतीला पंचवीस गोण्या खत गाडीत भरले होते. शेजारी त्यांचा थोरला मुलगा मान खाली घालून उभा होता. काहीतरी बिनसले आहे हे दिसतच होते.

“साहेब, गाडीला चार महिनेबी नाही झाले,” आबा म्हणाले. “हप्ता चालू आहे, आन् गाडी वरडती, वढत नाही, डिझेल पिती. कंपनीवाले म्हणतात गाडीत खोट नाही, चालवणाराचा पाय ब्रेकवर राहतो. आता ह्याला काय म्हणावं?”

मुलगा गप्प. पण त्याचे डोळे भरून आल्यासारखे मला वाटले. हा मुलगा दोन वर्षे वाळूजला कंत्राटावर कामाला होता. वाळूज तुम्हाला ठाऊक असेल. बजाज ऑटोचा कारखाना तिथे १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्या आधाराने सुट्या भागांचे कितीतरी कारखाने उभे राहिले. दुचाकींचे डिस्क ब्रेक बनवणारी एंड्युरन्स कंपनीही तिथलीच. पलीकडे शेंद्र्याला स्कोडाच्या मोटारी २००१ पासून जोडल्या जाऊ लागल्या. तेव्हा आमच्या जिल्ह्यातल्या पोराला यंत्राची भीती नसते. कंत्राट संपल्यावर या मुलाने हट्टाने गाडी घ्यायला लावली होती. आपली अद्रक आपणच मोंढ्यावर न्यायची, वर गावातल्या चार घरांचे भाडे मिळेल, असा हिशेब. आता ती गाडीच त्याच्यावर उलटली होती. घरात रोज बोलणे होई. आबा तर गाडी विकायला निघाले होते.

मला खुलताबादला जायचेच होते. म्हटले, “आबा, मी तुमच्याबरोबर येतो. गाडी चालताना बघू. पीक बघायला मी बांधावर येतो ना, तसेच.”

निघालो. हर्सूल टी पॉइंट, मग दिल्ली दरवाजा, महावीर चौक, छावणी, नगर नाका. १६१० साली मलिक अंबरने खडकी या नावाने वसवलेले हे गाव. पुढे ते औरंगाबाद झाले आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर. पण मोंढ्यातल्या जुन्या हमालांच्या तोंडून अजून जुने नाव जात नाही. शहरात दर शंभर पावलांवर ब्रेक लागतो, म्हणून तिथे मी काही बोललो नाही. नुसते कान देऊन बसलो. डाव्या पुढच्या चाकातून मधूनच खर्र-खर्र असा पत्रा घासल्यासारखा आवाज येई, वळणावर वाढे, पुन्हा बंद होई.

“हाच तो आवाज,” मुलगा म्हणाला. “दोनदा पुढचे पॅड बदलले, काका. दुसऱ्यांदा तर पदरच्या पैशानं.”

पडेगाव सुटल्यावर रस्ता मोकळा झाला. मिटमिट्याच्या पुढे सपाट तुकडा आहे. मागेपुढे कोणी नाही असे बघून मी त्याला गाडी सावकाश करायला, गिअर काढायला आणि पाय दोन्ही पेडलांवरून उचलायला सांगितले. चांगली गाडी अशा वेळी स्वतःच्या नादात बरीच पुढे जाते. ही मात्र, बैलाने मान टाकावी तशी, थोड्याच अंतरात थांबली. आबांनी मुलाच्या पायांकडे पाहिले. दोन्ही पाय खाली, गाडीच्या पत्र्यावर. आबा काही बोलले नाहीत.

खाली उतरून चाके तपासायची तर हात लावून नव्हे, बरे का. तापलेल्या ड्रमने कातडी सोलून निघते. हाताची पालथी बाजू चाकाजवळ न्यायची, चुलीवरचा तवा अजमावतो तशी. पुढची दोन्ही चाके कोमट होती. शहरात ब्रेक लागले होते, तेवढी ऊब साहजिक. मागची दोन्ही मात्र चांगलीच धगधगत होती.

आता इथेच आमची गल्लत होत असते. आवाज पुढून येत होता म्हणून सगळ्यांनी पुढचेच चाक धरले होते. आवाज आणि ओढ ही एकाच दुखण्याची दोन लक्षणे आहेत, असे सर्वांनी गृहीत धरले. माझ्या नोकरीत हे मी पुष्कळदा पाहिले आहे. पानावर ठिपके दिसले म्हणून शेतकरी फवारणी करतो, आणि झाड मरत असते ते मुळाशी पाणी साचल्याने. ठिपके वेगळे, मर वेगळी.

शरणापूर फाटा मागे टाकून देवगिरीच्या पायथ्याशी पोचलो. भिल्लम यादवाने बाराव्या शतकात राजधानी केलेला हा किल्ला, १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी आणली ती इथेच आणि नाव ठेवले दौलताबाद. किल्ला मागे पडला की तटबंदीचा जुना दरवाजा लागतो, त्यालाही दिल्ली दरवाजाच म्हणतात. शहरातला एक आणि हा दुसरा. दगडी कमानीखालून एका वेळी एकच मोठी गाडी निघते. त्यामुळे रविवारी आणि श्रावणात इथे जी कोंडी होते ती ज्याने सोसली त्यालाच ठाऊक. आम्ही मंगळवारी होतो, सुटलो.

दरवाजा ओलांडला की घाटाचा चढ सुरू. वाचकहो, ब्रेक धरून राहतो की नाही याची खरी परीक्षा उतारावर होत नाही. उतारावर ब्रेक लावावाच लागतो, मग चाक तापले तर नवल काय? चढावर ब्रेकचे कामच नसते. चढ चढून गेल्यावर जे चाक तापलेले असेल ते आपल्या पायामुळे तापलेले नसते. मी मुलाला एवढेच म्हणालो, “वर जाईपर्यंत ब्रेकला पाय लावू नको, अडचण आली तरच लाव.” आणि आबांना म्हणालो, “तुम्ही त्याच्या पायाकडं लक्ष ठेवा.” आबांनी घाटभर देवगिरीकडे एकदाही पाहिले नाही.

घाटमाथ्यावर कागजीपुऱ्याच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली. हातकागद बनवणाऱ्यांचे हे जुने गाव. पुढची चाके आता जवळपास थंड. मागच्या दोन्ही चाकांजवळ हात धरवत नव्हता, आणि केस जळावेत तसा वास. मुलगा पाण्याची बाटली घेऊन धावला. त्याला मी अडवले. तापल्या ड्रमवर पाणी ओतले तर बीड तडकते. नुसते उभे राहायचे, निवू द्यायचे. हँडब्रेकही ओढायचा नाही. चाकाखाली दगड लावायचे.

आता विचार करू. एकच चाक तापले असते तर दुखणे त्या चाकातच असते: ड्रममधला सिलिंडर अडकला, किंवा डिस्कच्या कॅलिपरची सरकती पिन चिखलाने सुकून धरली. आपल्या काळ्या मातीत हे नव्या गाडीलाही होते. चारही चाके तापली असती तर पेडलापासून शोधायला हवे होते, तिथे जरासुद्धा ढिलाई उरली नाही तर ऑइल परत फिरत नाही. कोणी चुकून ब्रेकच्या डबीत इंजिन ऑइल ओतले असेल तर आतले सगळे रबर फुगते आणि मग खर्चाला अंत नाही. पण इथे मागचीच दोन, आणि दोन्ही सारखी. मागच्या दोन चाकांना मिळून जाते ती हँडब्रेकची तार.

“पण काका, हँडब्रेक तर खाली आहे,” मुलगा म्हणाला. दांडा खरेच पूर्ण खाली होता.

खुलताबादच्या रस्त्यावर एका मिस्तरीचे टपरीवजा गॅरेज आहे. माणूस जुना, हात काळे, बोलणे कमी. त्याने सपाट जागा बघून पुढच्या चाकांना दगड लावले, मागचा जॅक चासीला न लावता थेट अॅक्सलखाली लावला आणि गोण्या उतरू दिल्या नाहीत. चाक उचलून हाताने फिरवले. जेमतेम फिरले. मग गाडीखाली शिरून तारेचा नट थोडा सैल केला. चाक मोकळे! ते तसे झाले नसते तर पुढची पायरी म्हणजे चाकाच्या सिलिंडरचे निपल किंचित उघडणे. त्याने मोकळे झाले तर दाब ऑइलचा, नाही झाले तर अडकण आतल्या लोखंडाची. ती वेळ आली नाही.

“सर्व्हिसवाल्याला मग का दिसलं नाही?” आबांनी विचारले.

मिस्तरीने पाट्यांकडे बोट दाखवले. रिकाम्या गाडीचे पाटे कमानीसारखे वाकलेले असतात. बोजा पडला की सरळ होतात. सरळ होताना पाट्याची लांबी वाढते, पुढचे टोक पक्के असल्याने अॅक्सल बोटभर मागे सरकतो आणि पुढून येणारी हँडब्रेकची तार ताणली जाते. तारेला ढील ठेवली असेल तर काही बिघडत नाही. इथे ढील नव्हतीच. सर्व्हिसमध्ये गाडी रिकामी, वर लिफ्टवर चासीने उचललेली, अॅक्सल खाली लोंबता, तार सैल, चाक गरगर फिरते. त्यांनी लिहून दिले, दोष नाही. ते खोटे बोलले असे मी म्हणणार नाही. त्यांनी बोजा घातलेली गाडी पाहिलीच नाही, आणि पोराच्या माथी दोष मारून मोकळे झाले.

“पण ही तार एवढी आवळली कोणी?” मिस्तरी पुटपुटला.

मुलगा बापाकडे बघेना. आबाच खाकरले. पहिल्या सर्व्हिसच्या वेळी आबाच बरोबर गेले होते. शेतातल्या उतारावर भरलेली गाडी हातभर सरकली होती, म्हणून त्यांनीच फर्मावले होते, हँडब्रेक चांगला आवळून द्या. त्यांनी दिला. रिकाम्या गाडीचा.

हँडब्रेक आवळायचा तर आधी ड्रममधले लायनर बेताने जवळ आणायचे, मग तार ओढायची, असा क्रम आहे. आपल्याकडे नुसती तार ओढून काम उरकतात. आणि उतारावर भरली गाडी उभी करायची तर हँडब्रेक, पहिला गिअर आणि चाकाखाली दगड, तिन्ही हवे.

राहिला तो पुढचा आवाज. मिस्तरीने डावे चाक काढले, डिस्क आणि तिच्या मागचा पत्रा यांच्या फटीत पेचकस घातला आणि हरभऱ्याएवढा खडा बाहेर काढला. रस्त्याच्या कामावरची खडी. एवढ्याशा खड्यापायी दोनदा पॅड बदलले! तो खडा आबांनी खिशात टाकला. (पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची डिस्क सकाळी पहिले दोन-चार ब्रेक किरकिरते, तो नुसता वरवरचा गंज. त्यासाठी गॅरेज गाठू नका.)

तुम्ही म्हणाल, जरा तापले तर एवढे काय? ऐका. आबांची गाडी अद्रक भरून हाच घाट उतरत असे, कधी कधी केबिनमध्ये वहिनीही असत. आधीच तापलेल्या ड्रमची पकड उतारावर आणखी कमी होते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. डॉट ३ जातीचे नवे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत तग धरते, ओल धरलेले मात्र १४० च्या आसपास उकळू शकते. उकळले की वाफ होते, ऑइल दाबले जात नाही पण वाफ दाबली जाते, आणि पेडल तळाला टेकते. खाली ती एका गाडीची दगडी कमान. हे मी मिस्तरीसमोर बोललो तेव्हा आबांचा चेहरा उतरला. मग वाटले, जरा बेताने बोलायला हवे होते.

लायनर तापून काचेसारखे गुळगुळीत झाले होते. ते मिस्तरीला बदलू दिले नाहीत, कारण गाडी वॉरंटीत होती. दुसऱ्या दिवशी मुलगा सर्व्हिस सेंटरला गेला. गोण्या न उतरवता, हे मी बजावून सांगितले होते. काय झाले ते कामाच्या कागदावर लिहून घेतले. लायनर झिजण्याची वस्तू आहे, वॉरंटीत बसत नाही, असा वाद तिथे झालाच. दोन तास घालून अखेर त्यांनी बदलून दिले.

आठ दिवसांनी मला शहरात यायचे होते, आबांच्याच गाडीतून आलो. मागे भाड्याचा भाजीपाला भरलेला. घाटमाथ्यावर मुलाने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि अधूनमधून ब्रेकला नेमका पाय लावत सावकाश उतरवली. कमानीपाशी समोरून एस.टी. आली, तिला वाट दिली. आबा खिडकीतून किल्ला बघत होते. शरणापूर फाट्याच्या पुढे सपाटी लागली तशी त्यांनी गाडी थांबवायला लावली, स्वतः उतरले, आणि चारही चाकांजवळून पालथा हात फिरवून आले.

“चल,” दार लावत ते मुलाला म्हणाले, “मिटमिट्याला चहा पिऊ. पैसे मी देतो.”