शेंडा खुडताना

हरभरा वीतभर झाला की माय शेंडे खुडायची. जामच्या चौरस्त्यापासून आमचं वावर जवळच. हैदराबादकडे आणि चंद्रपूरकडे फुटणाऱ्या गाड्यांचे आवाज तिथवर यायचे. नखाची एक चिमट, आणि काही दिवसांत खालून फुटवे. शेंड्याचा धाक गेला, आता पसर, असा तो झाडाला निरोपच. कळी दिसली की मात्र माय हात आखडायची.

मी पेशींत हेच करतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या (एनसीएल) माला राव आणि सहकाऱ्यांचा सूक्ष्मजीवांच्या प्रोटीएजवरचा, म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या विकरांवरचा, 1998 चा आढावा वाचून या वाटेला लागलो. माझी कात्री तंबाखूच्या एका विषाणूची, टीईव्ही. आम्ही तिला ‘टेव्ह’ म्हणतो. पोटातलं ट्रिप्सिन लायसिन किंवा आर्जिनिन दिसलं की कापतं. टेव्हला 7 अमिनो आम्लांची ठरावीक ओळ लागते, आणि काप सहाव्या-सातव्याच्या मधेच पडतो. म्हणून ती जिवंत पेशीत सोडता येते. पेशीपटलाला बांधलेल्या प्रथिनात ती ओळ ओवायची. काप बसला की दावं सुटतं, प्रथिन केंद्रकात जातं आणि हिरवी चमक देणारं जनुक जागं करतं.

कापणं सोपं आहे. कठीण आहे ते कात्रीला थोपवून धरणं, कारण कापलेलं प्रथिन पुन्हा सांधत नाही. 2006 साली टेव्हचेच दोन तुकडे करण्याची युक्ती निघाली: तुकडे दोन प्रथिनांना जोडायचे, ती भेटली तरच धार येते. माझ्या प्रयोगात रॅपामायसिन हे औषध घातल्यावर ती भेटायला हवी होती. पण औषधाविनाही पेशी हिरव्या चमकत आणि ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी दाखवणाऱ्या पडद्यावर, एकाऐवजी दोन पट्ट्या दिसत, खालची कापलेल्या तुकड्याची. कापणाऱ्या सिस्टीनच्या जागी ॲलानिन घातलं तेव्हा खालची पट्टी गेली. म्हणजे गळती माझ्याच कात्रीची. सहा महिने त्यात गेले. शेवटी तुकडे कमी बनवले, आणि ओळीतल्या सातव्या जागी सेरीनऐवजी ल्युसीन ठेवलं. त्यावर काप मंद पडतो.

2018 साली कॅलटेकमध्ये मायकेल एलोविट्झ यांच्या गटाने एक प्रोटीएज दुसऱ्याला आवरेल अशा जोडण्या जिवंत पेशींत चालवल्या. रास हा वाढीचा संदेश चढलेल्या पेशीच निवडून मारता येतात, हेही दाखवलं. कर्करोगात हाच संदेश अनेकदा चालू स्थितीतच अडकून पडतो, म्हणून माझ्या गळतीची मला इतकी धास्ती. तिथे गळती म्हणजे निरोगी पेशीचा जीव.

परवाच्या ब्लॉटवर औषधाविना एकच पट्टी होती, गडद आणि सरळ. औषध दिलेल्या रांगेत खाली दुसरी उमटली होती. मायला फोन केला. ती वावरात होती, हरभरा खुडत.