आभाळ माझं, बगळा त्याचा

समोर दिसतं ते टिपायचं म्हणजे निसर्गाचं छायाचित्रण, एवढीच समजूत घेऊन मी कॅमेरा हातात घेतला. आता कुठे थोडं जमायला लागलंय, आणि नेमकी तीच समजूत डळमळीत झाली आहे.

देवळाली कॅम्पात राहणाऱ्याला कॅमेरा कुठे काढायचा नाही हे आधी कळतं. तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र इथलंच. भिंतीभिंतींवर छायाचित्रणाला मनाई असल्याच्या पाट्या. बहुला किल्ला लांबून खुणावतो, पण तो लष्कराच्या गोळीबाराच्या हद्दीत. त्यामुळे माझी पिशवी उघडते ती भगूर ओलांडल्यावर, दारणेच्या अंगाला. तिथे ऊस आहे, भाजीपाला आहे, पाणी दिलेली काळी शेतं आहेत आणि त्यांत उतरलेले गायबगळे. लांबून तोफेचा आवाज आला तरी ते मान वर करत नाहीत.

या बगळ्यांनीच मला पहिल्यांदा चक्रावून सोडलं. काळ्या रानातला बगळा टिपला की पडद्यावर नुसता पांढरा डाग यायचा. ना पीस, ना पंखाची कड. आमच्या शेजारचे सुभेदारकाका उभा जन्म तोफखान्यात काढून आता पक्ष्यांच्या मागे असतात. ते म्हणाले, "अगं, मीटरला बगळा ठाऊक नाही. त्याला फक्त उजेड कळतो." कॅमेऱ्यातला मीटर समोरचा सगळा उजेड मोजतो आणि त्याची सरासरी मधल्या करड्या छटेवर आणायला बघतो. रान काळं, म्हणून तो चित्र उजळतो आणि बगळा जळतो. उलट, जवळच्या बगळ्याने चौकट भरली की तोच मीटर त्याला मळकट करतो. म्हणून पहिल्या वेळी एक्स्पोजर उणे करायचं, दुसऱ्या वेळी अधिक.

मी ते करायला शिकले. पण मग बगळा किती पांढरा, हे यंत्राने नाही, मी ठरवलं की! आणि एवढं मी ठरवायचं, तर आणखी काय काय ठरवायची मला मुभा आहे?

काकांनी मला छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचं हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचं छायाचित्र दाखवलं. 1941 सालचं. उजेड पळत होता, मीटर सापडेना. अ‍ॅडम्सला चंद्राची प्रखरता पाठ होती, तिच्यावरून त्याने एक्स्पोजर बांधलं. पुढे त्या एकाच निगेटिव्हवरून त्याने वर्षानुवर्षं प्रिंट काढले आणि त्यांतलं आकाश गडद होत होत जवळजवळ काळं झालं. जगाने त्याला कला म्हटलं. माझंही मन त्यावर जडलं.

त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट वाचली. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची वन्यजीव छायाचित्रांची स्पर्धा प्रसिद्ध आहे. 2009 चं तिचं सर्वोच्च पारितोषिक फाटकावरून उडी घेणाऱ्या लांडग्याच्या छायाचित्राला मिळालं, आणि 2010 च्या जानेवारीत ते काढून घेतलं गेलं. लांडगा बहुधा माणसाळलेला होता, असा परीक्षकांचा निष्कर्ष. छायाचित्रकाराने तो अमान्य केला. प्रश्न चित्रात नंतर काही बदलल्याचा नव्हताच. तरी ते बाद, आणि रात्रीहून काळं केलेलं आकाश भिंतीवर! मी कित्येक दिवस या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून बघत होते आणि मला काही सुधरत नव्हतं.

हिवाळ्यात काका मला नांदूर मध्यमेश्वरला घेऊन गेले. गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला गेला, मागे गाळ साचत गेला, त्यातून दलदल झाली आणि पक्षी आले. महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण. म्हणजे ज्याला मी निसर्गदृश्य म्हणून टिपायला गेले होते, तेही माणसाच्या बांधकामातून उभं राहिलेलं. चापडगावच्या मनोऱ्यावरून चित्रबलाक दिसले, चमचे दिसले, गवतातून जांभळ्या पाणकोंबड्या. काठावर काही जण थवा उडावा म्हणून टाळ्या वाजवत होते. पक्षी उडाले, धडाधड शटर वाजले. मला ते फार लागलं. दूरवरून येऊन चिखलात चार दाणे शोधणाऱ्या जिवाला आपल्या चौकटीसाठी उठवायचं? तो लांडगा मला तिथे आठवला, आणि परीक्षकांना काय खुपलं असेल ते पहिल्यांदा आतून कळलं.

मला वाट सापडली ती छायाचित्रकार नयन खानोलकरांच्या एका छायाचित्रात. मुंबईच्या आरे वसाहतीत, घरांच्या मधल्या बोळातून चालत जाणारा बिबट्या. त्याच स्पर्धेत 2016 साली शहरी विभागात ते पहिलं आलं. कॅमेरा वाटेवर लावून ठेवलेला, फ्लॅश असे बसवलेले की बोळातला नेहमीचाच उजेड वाटावा, आणि बिबट्याने चौकट व्यापू नये अशी जागा निवडलेली. सगळं मांडलेलं आहे, फक्त बिबट्या मांडलेला नाही. तो त्याच्या वेळेला, त्याच्या कामाला निघालाय. दारणेकाठच्या उसातही बिबटे आहेत, माणसं त्यांच्या तोंडी गेली आहेत. त्यामुळे आमच्याकडे त्या छायाचित्राकडे कोणी नुसतं सुंदर म्हणून बघत नाही. बोळाच्या दोन्ही बाजूंना घरं आहेत, हे आधी दिसतं.

तेव्हापासून मी माझ्यापुरती एक रेघ ओढली आहे. पांढुर्लीच्या रस्त्यावरून दिसणाऱ्या औंढ्याच्या सुळक्यावरचं आभाळ मी संगणकावर लाइटरूममध्ये गडद करते, कारण त्या संध्याकाळी मला ते तसंच अंगावर आलं होतं. चित्रबलाकाच्या चोचीसमोर आलेली काडी मात्र राहू देते. तो तिथे उभा होता आणि काडीही तिथेच होती.

काकांना हे पुरतं पटलेलं नाही. "मग कडेचा वीजतारांचा खांब का कापलास?" माझं एक छायाचित्र बघत त्यांनी परवा विचारलं. मी म्हटलं, चौकट माझी. "आणि पुढच्या खेपेला तार बगळ्याच्या डोक्यावरूनच गेली तर?" माझ्याकडे अजून उत्तर नाही. ते छायाचित्र मोठं छापून घ्यायचं आहे. खांब ठेवलेली आणि कापलेली, दोन्ही प्रती मी सध्या टेबलावर ठेवल्या आहेत, आणि खांब ठेवलेल्या प्रतीकडेच माझं मन अधिक झुकतंय.