डोक्यावरची गाठ: युरोपातून चार पत्रं

व्हिएन्ना

ती. बाबांना सा. न. वि. वि.

इथल्या जुन्या सार्वजनिक इस्पितळाच्या आवारात ‘नारेनटुर्म’ नावाची एक गोल, पाच मजली इमारत आहे. १७८४ साली ती मनोरुग्णांसाठी बांधली गेली. आता तिथे रोगग्रस्त अवयवांचा संग्रह आहे. रोग्यांच्या अंगावरून साचे घेऊन केलेल्या मेणाच्या रंगीत प्रतिकृतीही त्यात आहेत. रंगीत छायाचित्रं नव्हती तेव्हा त्वचारोग शिकवायला याच प्रतिकृती वापरत. कातडीचा रंग, सूज, खपली, सगळं हुबेहूब. गाठीच्या आत काय आहे, ते मात्र मेणावरून कळत नाही.

डोक्यावर गाठींचे घोस आलेल्या रुग्णांचं वर्णन याच शहरातल्या एडुआर्ड श्पीगलरने १८९९ मध्ये प्रसिद्ध केलं. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून त्या उगवतात असं समजून त्याने त्यांना ‘एंडोथेलिओमा’ म्हटलं. तो तर्क टिकला नाही. आज त्यांना ‘सिलिंड्रोमा’ म्हणतात आणि केसांची मुळं व घामग्रंथी ज्या कुळातल्या, त्याच कुळात त्यांची गणना होते. हा कर्करोग नव्हे. पण गाठी वाढत वाढत सगळं डोकं झाकू शकतात. म्हणून ‘पगडीची गाठ’ हे नावही पडलं.

सूक्ष्मदर्शकाखाली ही गाठ सहसा ओळख लपवत नाही. गडद निळ्या पेशींचे पुंजके जिगसॉच्या तुकड्यांसारखे एकमेकांना लागून बसलेले असतात. प्रत्येक पुंजक्याभोवती जाड गुलाबी कड असते आणि ‘पास’ नावाचा रंग दिला की तीच कड किरमिजी होते. पुंजक्याच्या काठाला लहान, काळपट पेशी. मधे मोठ्या, फिकट. बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोगही निळ्याच पुंजक्यांचा असतो, पण त्यात काठाच्या पेशी ओळीने उभ्या राहतात आणि पुंजक्याला लागून बारीक फट दिसते. कड की फट, एवढ्या फरकावर रोग्याचं पुढचं सगळं ठरतं.

स्ट्रासबूर्ग

ती. बाबांना सा. न.

काही बाळांच्या डोक्यावर जन्मापासून एक पिवळसर-नारिंगी चट्टा असतो आणि तिथे केस उगवत नाहीत. आई-आजी त्याला जन्मखूण म्हणतात, आणि ती जन्मखूणच असते: नीव्हस सेबेशियस. योसेफ याडासोनने १८९५ मध्ये तिचं वर्णन केलं. मूल वयात येऊ लागलं की चट्टा जाड, खडबडीत होतो आणि मोठेपणी कधीकधी त्यावर नवी गाठ उठते.

या गाठींमध्ये कर्करोग बराच सापडतो, असं अनेक वर्षं मानलं जाई. त्यामुळे चट्टा लहानपणीच काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जाई. स्ट्रासबूर्गच्या त्वचारोगतज्ज्ञांनी काढलेल्या ५९६ चट्ट्यांच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या काचा पुन्हा तपासल्या आणि २००० साली निष्कर्ष छापले. बेसल सेल कार्सिनोमा निघाला एक टक्क्याहून कमी रुग्णांत. बहुतेक गाठी ट्रायकोब्लास्टोमासारख्या निरुपद्रवी होत्या. ट्रायकोब्लास्टोमा केसांच्या मुळाच्या पेशींपासून होतो आणि काचेवर कर्करोगाचाच भाऊ वाटतो. जुन्या काचा चिकाटीने पुन्हा पाहिल्या, म्हणून कितीतरी मुलांवरची घाईची शस्त्रक्रिया टळली. हे काम फार मोलाचं आहे.

लंडन

ती. बाबांना सा. न.

१८४२ मध्ये इथल्या रॉयल मेडिकल अँड कायरर्जिकल सोसायटीच्या नियतकालिकात हेन्री अॅन्सेल यांनी डोक्यावर आणि चेहऱ्यावर गाठी असलेल्या रोग्याची हकिगत छापली. सिलिंड्रोमाचं पहिलं वर्णन म्हणून तीच सांगतात.

तुमच्या दवाखान्यात मात्र येतं ते बहुतेक वेळा साधं आवाळू. पिलर सिस्ट नावाची ही गाठ दहापैकी नऊ वेळा डोक्यावरच होते. गुळगुळीत, हलणारी, न दुखणारी. तिच्या गर्दीत दुर्मीळ गाठ लपते. गाठ गुलाबी असेल, तिच्यावर केस नसतील आणि डर्मोस्कोप या त्वचा पाहायच्या भिंगातून फांद्या फुटलेल्या रक्तवाहिन्या दिसत असतील, तर नुसतं आवाळू समजून सोडू नये. दाबल्यावर कळ येत असेल तर स्पायराडेनोमा या गाठीची शंका घ्यावी.

मुलांचं आणखी वेगळं. डोक्याच्या मध्यरेषेवर जन्मापासून गाठ असेल आणि तिच्याभोवती लांब, काळ्या केसांचं कडं असेल, तर गाठीचा धागा कवटीतून थेट मेंदूपर्यंत गेलेला असू शकतो. अशा गाठीत सुई घालायची नाही, चिरा द्यायचा नाही. आधी एमआरआय.

न्यूकॅसल

ती. बाबांना सा. न.

मँचेस्टरच्या हेन्री ब्रूकने १८९२ मध्ये नाकाभोवतीच्या बारीक पुटकुळ्यांचं, म्हणजे ट्रायकोएपिथेलिओमाचं वर्णन केलं. ब्रूकच्या पुटकुळ्या आणि श्पीगलरच्या गाठी एकाच घराण्यात, कधी एकाच माणसात सापडतात. त्यामुळे दोघांची नावं एका आजाराला जोडली गेली. कारण सापडलं २००० साली: सोळाव्या गुणसूत्रावरच्या ‘सीवायएलडी’ या जनुकातला बिघाड. आई किंवा वडिलांत तो असेल तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी.

इंग्लंडच्या या ईशान्य भागातल्या अशा घराण्यांचा न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी पिढ्यान्‌पिढ्यांचा अभ्यास केला आहे. काहींना वारंवार गाठी काढून घ्याव्या लागतात. काहींच्या डोक्याची सगळी त्वचा काढून दुसरीकडची बसवावी लागते. गाठींवर लावायच्या एका मलमाची इथे चाचणी झाली. २०१८ मध्ये निकाल आला, तेव्हा नुसत्या मलमापेक्षा औषधाच्या मलमाने गाठी अधिक आटल्या नव्हत्या. त्यामुळे आज तरी भिस्त शस्त्रक्रियेवर आणि लेझरवर आहे. क्वचित एखादी गाठ कर्करोगाकडे वळते. झपाट्याने वाढणं, चिघळणं, रक्त येणं ही तिची लक्षणं.

बाबा, एवढं कराच. डोक्यावर एकाहून जास्त गाठी दिसल्या तर रोग्याच्या नाकाच्या कडा बघा, आणि आई-वडील, भावंडं, मुलं यांच्याबद्दल विचारा. काढलेली प्रत्येक गाठ, कितीही साधी दिसली तरी, फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून तपासणीला पाठवा, आणि सोबतच्या चिठ्ठीवर वय, जागा, गाठींची संख्या व घरातला इतिहास लिहा. ती चिठ्ठी कोरी आली, तर काचेवरचं अर्धं निदान हातचं जातं.

तुमची लेक