बॉनेटवर २६५, आत बी-२७५

चुलते वारले आणि राहुरीजवळच्या वस्तीवरचा जुना महिंद्रा ट्रॅक्टर माझ्याकडं आला. इंजिन धूर ओकत होतं, पिस्टन-लाईनर बदलायचं होतं. आरसी बुक सापडत नव्हतं. बॉनेटवर '२६५' लिहिलेलं, म्हणून सगळे त्याला तेच म्हणायचे.

स्पेअर पार्टच्या दुकानदारानं किट काढण्याआधी विचारलं, "तीन सिलिंडर की चार?" मला सांगता आलं नाही. तो म्हणाला, "घरी जाऊन नोझलचे पाईप मोजा, मग या." त्या माणसाचे उपकार आहेत. किटचा खोका एकदा फोडला की कुणी परत घेत नाही.

पाईप चार निघाले. २६५ ला तीन असतात. मिस्त्रीला बोलावलं. त्यानं बॉनेटकडं पाहिलंच नाही. "रंगारी हाताला येईल ते स्टिकर लावतो," म्हणाला. डिझेल पंपाच्या जोडण्या पाहिल्या, मग हीटर प्लग दाखवले. जुन्या बी-२७५ चं इंजिन आधी हीटर देऊन चालू करायचं. आमच्याकडं त्याची वायरच तुटलेली होती. थंडीत चुलते उतारावरून ढकलत चालू करायचे ते का, हे तेव्हा कळलं. त्यांच्या हयातीत कुणी वायर जोडली असती तर बरं झालं असतं.

इंजिनाचं नाव बीडी-१४४. म्हणजे १४४ घनइंच, आपल्या हिशेबात २,३६० सीसीच्या आसपास. मूळ मॉडेल इंग्लंडमधलं, इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचं, १९५८ सालचं. १९६३ साली महिंद्रानं हार्वेस्टर आणि व्होल्टाससोबत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. ती १९७७ साली महिंद्रात विलीन झाली. त्यामुळे पाटीवर कुठल्या कंपनीचं नाव आहे यावरूनच वयाचा पहिला अंदाज येतो.

पाटी रंगाच्या थरांखाली होती. पोरगं ग्राइंडर घेऊन आलं, मिस्त्रीनं त्याला तिथंच थांबवलं. नंबरावर ग्राइंडर फिरला तर अंक पुसट होतात आणि आरटीओत खाडाखोडीचा संशय येतो. डिझेलमध्ये भिजवलेला बोळा रात्रभर ठेवला. सकाळी पितळी ब्रशनं हलकं घासलं. वरून खडू फिरवला, मोबाईलची बॅटरी आडवी धरली, तेव्हा अंक उठून दिसले. कंपनीचं नाव जुनं होतं. म्हणजे १९७७ च्या आधीचा.

नेमकं साल मात्र तलाठी कार्यालयात मिळालं. चुलती म्हणायची, "बहात्तरच्या दुष्काळानंतर घेतला, भूविकास बँकेचं कर्ज काढून." कर्ज जमिनीवर असेल तर बोजा सातबाऱ्यावर चढतो आणि त्याचा फेरफार होतो. जुनी फेरफार नोंदवही काढायला लावली. नोंद १९७४ ची निघाली, चुलत्यांच्या नावानं, 'ट्रॅक्टर खरेदीसाठी' असं स्पष्ट लिहिलेली. चुलतीला वाचून दाखवली. ती काही बोलली नाही, पदरानं डोळे पुसले.

पुढचं काम रुक्ष पण सरळ. आरसी हरवल्याची पोलिसांत नोंद, दुय्यम प्रतीसाठी नमुना २६, मालक मयत म्हणून वारसाच्या नावावर करायला नमुना ३१. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीनं छाप घेतला, तो सोबत जोडला. नंबरप्लेट जुन्या तीन अक्षरांची होती, एमएच मालिकेच्या आधीची, त्यामुळं कार्यालयात जुनं रजिस्टर शोधायला वेळ लागला. नोंदीतला चेसिस आणि इंजिन नंबर आमच्या छापाशी जुळला. उत्पादन साल १९७३, नोंदणी १९७४. या दोन सालांत फरक असू शकतो, हे लक्षात ठेवा. पार्ट मागताना उत्पादनाचं साल सांगायचं.

दोन्ही नंबरांचे फोटो आता घरातल्या सगळ्यांच्या फोनवर आहेत. हीटरची वायर जोडून झाली. चार सिलिंडरचं किट आणलंय, इंजिन पोळ्यानंतर खोलणार आहोत.