नातवाचा सरडा आणि आजीचे हात

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या एक आजी मुलाकडे न्यू जर्सीला निघाल्या, तेव्हा त्यांनी मला विचारले, "डॉक्टर, नातवाने बिअर्डेड ड्रॅगन जातीचा सरडा पाळला आहे. त्याच्या पेटीतले खडक आम्ही दोघांनी मिळून करायचे म्हणतो. करू ना?"

निरोगी दिसणाऱ्या सरड्याच्याही विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात. पासष्टीपुढील आणि प्रतिकारशक्ती मंदावलेल्या व्यक्तींना हा संसर्ग गंभीर ठरू शकतो. म्हणून मी कामाची वाटणी सुचवली. थर्मोकोल कोरून खडकाचा आकार आजींनी द्यावा. तो पॉलिश पेपरने घासणे आणि कोरडे ग्राउट कालवणे ही कामे मुलाने मास्क लावून, घराबाहेर करावीत; ती धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. ग्राउटचे थर पूर्ण वाळल्यावर सीलर लावावा, म्हणजे खडक धुता येतो. तळाशी वाळू नको. पोटात गेल्यास सरड्याचे आतडे तुंबू शकते आणि विष्ठाही तिच्यात मिसळते. खडबडीत फरशी स्वच्छ पुसता येते.

सरडा पेटीत गेल्यानंतर मात्र साफसफाई मुलाची, तीही स्वयंपाकघराच्या सिंकपासून दूर. आणि हात सर्वांनीच साबणाने धुवावेत.

आजारपणातही नातवाच्या खेळात आजीचा वाटा उरतो. तो कोणता, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.