धाव आणि थाप

होळीच्या दिवसांत हुबळीच्या रस्त्यावर नजर अडते ती वादकाच्या आधी वाद्यावर. कमरेपेक्षा उंच, जमिनीवर उभं, भोवती लोखंडी कडं. ती असते बैलगाडीच्या चाकाची धाव! तिच्यावर म्हशीचं कातडं ताणलं की जग्गलिगे तयार. ती घरंगळत न्यायची आणि चालता चालता काठ्यांनी बडवायची. हलगी एकट्याला पेलते. ही मात्र सोबत मागते.

धाव चढवणं हे एके काळी गावानं जमून पाहायचं काम होतं. सुतार तुंब्यात आरे ठोके, आऱ्यांवर पाठ्या जोडी. लोहार गोवऱ्यांच्या गोल जाळात धाव लालबुंद करी. तापून ती सैल झाली की चौघं सांडशीनं उचलून चाकावर बसवत. घण पडत, लाकूड धुरावे, वरून भराभर पाणी. गार होताना लोखंड आवळे आणि सुटं सुटं लाकूड करकचून एक होई. पुढं रबरी टायरच्या गाड्या आल्या, मग ट्रॅक्टर. धावांचं काम सरलं.

हुबळीजवळच्या ब्याहट्टीसारख्या गावांनी मात्र हा नाद जपला. आता हुबळीत होळीला जग्गलिगेचा उत्सवच भरतो. गावोगावचे ताफे शहरात उतरतात, रहदारी थांबते, दुकानदार पायरीवर येतात. रंगपंचमीपर्यंत शहरात हीच धामधूम.

इथलाच दुसरा ढोलाचा नाच म्हणजे डोळ्ळू कुणित. तो कुरुब समाजाचा, बीरदेवाचा. गळ्यात अवजड ढोल अडकवून रिंगणात उड्या घ्यायच्या. सांगली-कोल्हापूरकडं बिरोबाच्या यात्रेत धनगरांचं गजनृत्य पाहिलेल्याला हे नातं सांगावं लागत नाही. मोहरमला याच मुलखात हिंदू-मुसलमान एकत्र पावलं टाकतात. डोळ्ळू तर आता बायकाही वाजवतात, आणि झकास वाजवतात.

मंचावर, दिव्यांच्या झोतात हे नाच पोरके वाटतात. त्यांना रस्ताच हवा. तिथं बघ्याचा पाय आपसूक हलतो आणि शेजारी कोण उभं आहे, हे कुणी विचारत नाही.

कातडं कमावणाऱ्यांना मात्र पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवलं गेलं. त्यांच्या हातच्या वाद्यावर आज भर रस्त्यात सगळं शहर नाचतं. उत्सवाच्या फलकावर पाहुण्यांच्या नावांआधी या कारागिरांची नावं यायला हवीत, आणि वाद्याचे चांगले पैसेही त्यांच्या हाती पडायला हवेत.