दिव्याखालचं सोयाबीन

सोंगणीच्या दिवशी ते दिसलं आणि विळा हातातच राहिला. बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली तालुक्यातलं आमचं शेत रस्त्याला लागून आहे. सगळं सोयाबीन वाळून खडखडत होतं, पानं गळून गेलेली. आणि रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबासमोर मात्र हिरवंगार अर्धवर्तुळ! खुंटीला दोर बांधून आखावं इतकं नेमकं.

"बाबा, हे काय?"

"काय म्हंजे? लाइटाखालचं हाय ते. दरसाल हिरवंच राह्यते."

दरसाल! आणि मला पस्तिसाव्या वर्षी दिसतंय!

त्या रात्री झोप कसली येते. मोबाइलवर शोधत बसलो. गार्नर आणि अ‍ॅलार्ड ही दोन माणसं वॉशिंग्टनजवळच्या सरकारी शेतावर नेमकं सोयाबीनच घेऊन बसली होती. थोड्या थोड्या दिवसांच्या अंतरानं पेरलं, तरी सगळं जवळपास एकदमच फुलावर आलं. म्हणजे रोप स्वतःचं वय मोजत नव्हतं, दिवस किती लांबीचा आहे ते पाहत होतं! 1920 साली त्यांनी हे छापलं. पुढे 1938 मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी बियांच्या एका तणावर प्रयोग केले, आणि गोष्ट आणखीच उलटली. रोप मोजतं ती रात्र. लांब अंधाराच्या मधोमध थोडा वेळ उजेड दाखवला, की त्या तणाला फूलच येत नाही. आमच्या खांबाखालच्या सोयाबीनची रात्र कधी पुरती झालीच नव्हती. बिचारं ऑक्टोबरातही जूनमध्येच उभं होतं.

आपल्या बुलढाण्यात 21 जूनचा दिवस जवळपास साडेतेरा तासांचा आणि डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवस अकराला थोडा कमी. फरक अडीच तासांचा. एवढ्या फरकावर अख्खं पीक चालतं! (जाता जाता: आपण 76 रेखांशाच्या आसपास, देशाचं घड्याळ साडेब्याऐंशीचं, एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे आपला सूर्य मनगटावरच्या घड्याळाच्या पंचवीसेक मिनिटं मागे. शाळेची घंटा आमच्यावर अन्यायच करत होती, हे मी आधीपासून म्हणत होतो.)

मग माणसाचं काय? इथे तर मी उठूनच बसलो. डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या थोडं वर वीसेक हजार पेशींचा पुंजका आहे. तेच आपलं मुख्य घड्याळ. आणि ते बरोबर चालत नाही! त्याचा दिवस सरासरी 24 तास आणि वर दहा-बारा मिनिटांचा. रोज सकाळचा उजेड त्याला पुढे ढकलून जागेवर आणतो. त्यासाठी डोळ्यात वेगळ्या पेशी आहेत, ज्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं नाहीच. निळसर उजेड किती, एवढंच त्या कळवत राहतात. त्यामुळे दृष्टी नसलेल्या काही माणसांचंही घड्याळ उजेडावर लागतं. सोयाबीनसारखे आपण रात्र मोजून फुलत नाही, यंत्रणा वेगळी आहे. पण रात्री बारा वाजता मोबाइल तोंडासमोर धरून हे सगळं वाचणारा मी, आणि खांबाखालचं ते हिरवं सोयाबीन? फार लांबचे नातेवाईक नाही वाटलो.

डिसेंबरात पुन्हा गावी गेलो. बाबा हरभऱ्याला पाणी देऊन सकाळी परतले होते. मी उत्साहात सगळं सांगितलं, शरीराचं तापमान पहाटे चारच्या सुमारास सर्वात खाली जातं हेसुद्धा.

"तरीच," ते म्हणाले. "तीन-चारले जीव कसा गार पडते. मले वाटे थंडीनं."

"थंडीनंही. पण आतूनही."

त्यांनी चहा संपवला, पाय गोधडीत ओढले.

"मंग लाइटवाल्यायले सांग ना हे. हा हप्ता सारा रातचीच लाइट हाय."

आमच्याकडे विजेलाही लाइटच म्हणतात.

रात्री मी त्यांच्याबरोबर गेलो. रस्त्यावरचा दिवा लागलेला होता. त्याच्या उजेडात आम्ही मोटर चालू केली.